सुटा भाग

दिघीच्या डेपोत साडेदहाला पेटी उघडली.
अश्फाकनं खिळे एकेक उपसले, जपून,
कारण फळ्यांवर लोणकरांचा डोळा होता:
भोसरीला नेऊन कोंबड्यांचं खुराडं करायचं.
आत स्प्रिंग वळणारं यंत्र,
झेक देशातून, समुद्राचा वास अजून प्लास्टिकला.

सतरा वर्षं मी हेच करतोय,
दुसऱ्याच्या मालाला नाव शोधून देतो.
आठ आकडी नाव.
चुकलं तर दंड, जमलं तर चहा.

देशभ्रतार मॅडम टॉर्च घेऊन वाकल्या.
हे काय? मोटर.
हे? कार्ड, त्याच्यावर बॅटरी,
दोन रुपयाच्या नाण्याएवढी, मशीनला तारीख-वेळ आठवावी म्हणून.
मग याची आकारणी वेगळी का नाही, सांगा.
मला परीक्षेला बसवल्यासारखं विचारलं.
मी म्हटलं, मॅडम, पोटात बसून आलेली मोटर मोटर राहत नाही,
तिचं नाव यंत्र.
मूळ लक्षण कशाचं ते बघायचं,
बाकीचं त्याच्या मागोमाग.

बरोबर, म्हणाल्या.
सांबारवडीतल्या सांबाराचं वेगळं बिल कोण करतं?

आमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात,
हे मी मनात म्हटलं.
वर्णन बदललं की दर बदलतो,
हेही मनातच.

तेवढ्यात अश्फाकला तळाशी पिशवी सापडली.
एक पान्ना, दोन फ्यूज,
आणि तीच बॅटरी. जादा. सुटी.
एकाच साच्यातल्या दोघी, पाठीवर एकच तारीख,
आतलीला यंत्राचा दर,
बाहेरचीला तिचा स्वतःचा,
वेगळं कलम, वेगळी ओळ, ओळीत वेगळी टक्केवारी.
त्यावर विम्याचा वाटा, बोटीच्या भाड्याचा वाटा,
इतक्याशा चकतीनं समुद्रात किती जागा अडवली
ते मी कॅल्क्युलेटरवर काढत बसलो.

लोणकर पुढे सरसावले.
अहो, आत्ता बसवतो ना आत, स्क्रू-ड्रायव्हर खिशातच आहे.
जागा एकच आहे तिथं, मी म्हटलं.
मग पहिली काढतो.
मग पहिली सुटी होईल, लोणकर.

जशी आली तशी मोजायची, मॅडम म्हणाल्या,
पुढे काय होणार त्यावर नाही.
आणि हे जरा हळू म्हणाल्या,
का ते मला कळलं नाही.
त्यांची बदली झाली होती, नागपूरहून, मुलगी तिकडेच दहावीला.
हे मी नंतर कँटीनमध्ये ऐकलं.

यंत्र उचलायला पट्टा घातला
तेव्हा मोटर आणि फळीच्या मधून
हातमोजा पडला.
लोकरीचा, करडा, डाव्या हाताचा.
अंगठ्याला भोक, ते निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं,
तळव्यावर ग्रीस.
पॅकिंग करताना कुणीतरी काढून ठेवला असणार
बारीक नट बोटांनी धरायला,
आणि झाकण बसलं.

इन्व्हॉइसवर नाही. पॅकिंग लिस्टवर नाही.
मॅडमनी तो टॉर्चखाली धरला.
नाव काय याचं?
विणलेला हातमोजा, मी म्हटलं, पण एकक जोड आहे, मॅडम.
अर्ध्या जोडाला काय लिहायचं
ते सतरा वर्षांत विचारलं नव्हतं कुणी.

बोटं आत घालून बघावं असं त्यांना वाटलं असेल,
घातली नाहीत.
मूल्य? त्यांनी विचारलं.
कुणाला? मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
अश्फाककडे देऊन म्हणाल्या, होता तिथं ठेव.

त्यानं मधल्या फटीत परत सारला,
बोटं वरच्या बाजूला.

बॅटरीचे एक्केचाळीस रुपये निघाले.
लोणकरांनी भरले, पावतीच्या दोन झेरॉक्स मागितल्या,
आणि टेम्पोत चढण्याआधी मला बाजूला घेऊन
विचारलं, ते खुराड्याच्या फळ्यांवर काही लागत नाही ना?